सात नंबरला कमी तिखट

पुण्याहून सोलापूरकडे निघालं, यवत मागे पडलं आणि चौफुला अजून यायचा असला, की मध्ये भांडगाव लागतं. महामार्गाच्या दोन्ही अंगांना हॉटेलांच्या पाट्या लागलेल्याच असतात. मटण थाळी, शुद्ध शाकाहारी, फॅमिली रूम, ट्रक पार्किंगची सोय. अशा एखाद्या हॉटेलात भर दुपारी आठ जणांचं कुटुंब शिरतं. आजींना भाकरी हवी, पण बाजरीची नको, ज्वारीची. काकांना सुकं मटण, तेल कमी. एका पोराला नुसता दहीभात, दुसऱ्याला दादा खातोय तेच. सुनेचा उपवास आहे, तिला साबुदाण्याची खिचडी मिळेल का? कुणीतरी मध्येच पापड सांगतं आणि लगेच दुरुस्ती येते, "भाजलेला हां, तळलेला नको." वेटर खांद्यावर फडका टाकून उभा. हातात कागद नाही, पेन नाही. दोनदा मान डोलावतो, आत जातो, आणि थोड्या वेळाने प्रत्येक ताट ज्याचं त्याच्या पुढे येऊन पडतं. कुणाचं काय, हे तो विचारतसुद्धा नाही.

आपण "दादा, कांदा-लिंबू आणा जरा" म्हणतो आणि जेवायला लागतो. समोर काय घडून गेलं याचा पत्ताच नसतो.

घडून गेलं ते असं. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि तो फार गाजला. माणूस नव्या गोष्टी एका दमात मनात धरू शकतो त्या साधारण सात, असा त्यात हिशेब होता. पुढच्या संशोधकांनी तोही आकडा खाली आणला. आता चारच्या आसपास धरतात. आणि इथे आठ माणसं, प्रत्येकाच्या दोन-तीन फर्माइशी, वर कमी तिखट, जास्त तिखट, भाजलेलं, तळलेलं. वीस-पंचवीस गोष्टी सहज झाल्या. त्या घेऊन हा माणूस वाटेत दोन टेबलांना पाणी देतो, एकाला बिल देतो, एकाशी सुट्ट्या पैशांवरून बोलतो, आणि आत जाऊन सगळं बिनचूक सांगतो. हे बसतं कुठे?

अँडर्स एरिक्सन आणि पीटर पोल्सन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न धसाला लावला. त्यांना कोलोरॅडोत एक वेटर सापडला. १९८८ साली छापलेल्या अभ्यासात त्याचा उल्लेख जेसी एवढ्या आद्याक्षरांनीच येतो. वीस माणसांच्या जेवणाची ऑर्डर न लिहिता घेणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याला बोलतं केल्यावर कळलं, की त्याचं डोकं देवाने वेगळं घडवलेलं नव्हतं, त्याने ते लावून घेतलं होतं. गिऱ्हाइकांचे तो चार-चारचे गट करी. मांस कुणाला किती शिजलेलं हवं, याची मनातल्या मनात चढउताराची रेघ ओढी: पहिल्याला कच्चट, दुसऱ्याला पुरतं शिजलेलं, म्हणजे रेघ वर गेली, तिसऱ्याला मधलं, म्हणजे थोडी खाली आली. सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची पहिली अक्षरं जुळवून तो शब्द बनवी. चार माणसं, एक रेघ, एक शब्द. वीस माणसांचे पाच गट झाले की काम झालं.

मला याहून नवल वाटतं ते ब्वेनोस आयरेसच्या वेटरांचं. अर्जेंटिनाच्या त्या राजधानीतल्या जुन्या कॅफेंमध्ये ऑर्डर लिहून घेणं हे वेटरला कमीपणाचं वाटतं. तिथल्या मेंदूच्या अभ्यासकांनी आठ माणसं एका टेबलावर बसवली आणि प्रत्येकाला वेगळं पेय मागवायला सांगितलं. वेटरांनी ती बरोबर आणून दिली. मग दुसरा डाव टाकला. ऑर्डर देऊन झाली, वेटर आत गेला, की मंडळींनी जागा बदलायच्या. त्याबरोबर इतके सराईत वेटर चुकायला लागले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या लक्षात राहायचं ते कोणत्या जागी काय ठेवायचं एवढंच. त्या जागी कोण बसलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

म्हणजे निम्मी ऑर्डर वेटरच्या डोक्यात होती आणि निम्मी खुर्च्यांत ठेवलेली होती. खुर्ची हलत नाही, खुर्ची विसरत नाही. मोठ्या हॉटेलांत हीच गोष्ट पद्धतशीर शिकवतात: प्रत्येक टेबलाची एक खुर्ची एक नंबरची ठरलेली, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे मोजायचं. महामार्गावरच्या हॉटेलात असं कुणी शिकवत नाही, पण आत ऐकलं तर "सात नंबरला, भिंतीकडच्याला, कमी तिखट" असंच ऐकू येतं. 'काकांना' असं कुणी म्हणत नाही. (जागा बदलून वेटरची परीक्षा घ्यायचा मोह झालाच, तर रविवारी दुपारी घेऊ नये. त्याच्या डोक्यात आणखी पाच टेबलं असतात.)

वेटरच्या स्मरणशक्तीची एक गोष्ट त्याहून जुनी आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन कॅफेत बसत. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला सगळं तोंडपाठ असतं, आणि पैसे मिळाले की तो ते साफ विसरतो, असं त्या मंडळींच्या ध्यानात आलं, अशी ती गोष्ट सांगतात. लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी त्यावर प्रयोग केले आणि १९२७ साली छापले: अर्ध्यावर तोडलेली कामं लोकांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जवळजवळ दुपटीने आठवली. पुढे अनेकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. निकाल एकसारखा आला नाही. तरी आपल्याकडची जुनी हॉटेलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना बर्लिनच्या त्या वेटरवर अविश्वास दाखवणं जड जाईल. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत तेव्हा छापील बिल नव्हतं. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे चालू लागलं, की आतून वेटर आरोळी ठोकायचा: काळी टोपी, सहा आणे, मागचे दोघं मिळून बारा. गल्ल्यावरचे शेठ तेवढेच घ्यायचे. दहा टेबलांचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात, आणि गिऱ्हाइकाची खूण त्याच्या टोपीत. खुर्ची सुटली, की टोपी कामाला येई.

आता याच्या बरोबर उलट दुसरी तऱ्हा पाहू, आणि तीही याच रस्त्यावरची. आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी भांडगाववरून वरवंडला जाते. यवतला त्या रात्री पिठलं-भाकरीचा बेत असतो. मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं, भाकऱ्या घरोघरी थापलेल्या येतात, आणि हजारोंच्या पंगती उठतात. इथे वाढणारे कोण? एरवी शेतावर, दुकानात, नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला असणारी माणसं. एकालाही वेटरकीचा अनुभव नाही आणि एकही चूक होत नाही. कारण लक्षात ठेवायला काहीच नाही. पिठल्याची बादली ज्याच्या हाती, त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिठलंच वाढत जायचं. भाकरीवाल्याने भाकरी. पाणीवाल्याने पाणी.

लग्नाची किंवा मुंजीची जुन्या वळणाची पंगत पाहा, म्हणजे ही युक्ती किती खोल आहे ते दिसेल. पानाच्या वरच्या अंगाला मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. खाली मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वर तूप. प्रत्येक पदार्थाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. वाढपी वाकून पानाकडे बघतो आणि एका नजरेत त्याला कळतं की कोशिंबीर राहिलीय, कारण डावीकडे मोकळी जागा दिसते. कुणाला विचारायचं नाही, काही आठवायचं नाही. पानच सांगतं. जेवणाऱ्याला नको असेल तर त्याने पानावर आडवा हात धरायचा. शंभर माणसांच्या गोंगाटात तोंडाने बोलण्यापेक्षा ते बरं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा बसवलं त्याला कारखान्यांचे आजचे सल्लागार सहज मोठी फी देतील.

हॉटेलातली थाळी म्हणजे टेबल-खुर्चीवर आलेली पंगतच. मटण थाळी सांगितली की वाटी कुठली कुठे हे ठरलेलं, आणि रश्श्याची बादली घेऊन फिरणारा पोरगा फक्त वाट्यांच्या तळाकडे बघत फिरतो. महामार्गावर थाळी इतकी का फोफावली याचं एक कारण चवीत आहे. दुसरं यात आहे, की काल कामावर लागलेला मुलगा आज थाळी वाढू शकतो. (हा मुलगा चौदा वर्षांच्या आतला असता कामा नये, ढाबे, हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्यांवर लहान मुलं ठेवायला १० ऑक्टोबर २००६पासून बंदी आहे. बारक्या, छोटू या हाका मात्र अजून गेलेल्या नाहीत.)

हे झालं बाहेरचं. खरी लढाई दाराच्या आत होते, जिथे वेटर आणि वस्ताद समोरासमोर येतात.

वस्ताद म्हणजे मुख्य आचारी. पगार त्याचा जास्त, वय जास्त, मालक त्याला जपून असतात. तो एक दिवस आला नाही तर हॉटेल बंद ठेवायची पाळी येते. आणि या माणसाला दिवसभर हुकूम सोडायचे कुणी, तर वेटरने. "वस्ताद, तीन नंबरचं किती वेळ?" "वस्ताद, चारला तिखट कमी सांगितलं होतं ना!" बाहेर गिऱ्हाईक तापलेलं, आत भट्टी तापलेली, आणि मध्ये वेटर. १९४४-४५च्या सुमारास शिकागोत विल्यम फूट व्हाइट हे समाजशास्त्रज्ञ हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत जाऊन हेच पाहत बसले होते. भांडणं होत होती, वाढणाऱ्या मुली रडत होत्या. सगळ्यांचं म्हणणं, अमका तापट आहे, तमकी नाजूक आहे. व्हाइट यांना दिसलं ते वेगळंच. कमी मानाच्या माणसाने जास्त मानाच्या माणसाला तोंडी हुकूम द्यायचा, अशी कामाची मांडणीच होती. स्वभाव त्यात नंतर येत होता. मांडणी बदलली की भांडण बसतं हेही त्यांनी दाखवलं. वाढणारीने ऑर्डर चिठ्ठीवर लिहायची, ओट्यावरच्या सळईला खोचायची आणि निघून जायचं. आचारी आपल्या क्रमाने, आपल्या मर्जीने चिठ्ठी काढणार. हुकूम तोच, पण आता तो बाईच्या तोंडून न येता कागदावरून येत होता. व्हाइट यांचं पुस्तक १९४८ साली आलं.

आपल्या हॉटेलांत ही चिठ्ठी केओटी या नावाने नांदते. एक प्रत भट्टीकडे, एक गल्ल्यावर, एक वेटरकडे. हिशेबाची चोरी होऊ नये म्हणून ती आली असं मालक सांगतात, आणि ते खोटं नाही. पण जिथे केओटी नीट चालते त्या स्वयंपाकघरात आवाज कमी असतो. वस्तादाला कुणी घाई केलेली खपत नाही. कागदाने केलेली घाई मात्र तो मुकाट ऐकतो. एवढासा कपटा, आणि तो जिन्नस आणि रक्कम यांच्याबरोबर मानापमानही वाहून नेतो.

खुर्ची, टोपी, पान, चिठ्ठी. हळूहळू माझ्या मनात एक गोष्ट घट्ट होत गेली आहे. ज्याला आपण 'त्या माणसाचं कसब' म्हणतो, त्यातलं बरंचसं त्या माणसात नसतं. ते तो माणूस आणि त्याच्या भोवतीची मांडणी यांच्यामध्ये असतं. वेटरच्या बाबतीत हे पटायला सोपं आहे, कारण त्याचं काम आपण मुळातच हलकं समजतो. म्हणून हृदयाच्या शल्यविशारदांचं उदाहरण देतो. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सर्जनांच्या नोंदी तपासल्या. २००६ साली ते छापून आलं. हे सर्जन एकाच वेळी दोन-तीन रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत. एखाद्या रुग्णालयात सर्जनने जितक्या जास्त शस्त्रक्रिया केल्या, तितके त्याचे निकाल सुधारले. पण सुधारले ते त्याच रुग्णालयात. सकाळी इथे आणि दुपारी तिथे तोच माणूस, तेच हात. इथे मुरलेला सराव तिथे फारसा कामाला येत नव्हता. भूल देणारा, नर्स, कोणती वस्तू कुठल्या ट्रेमध्ये, कुणाच्या नजरेचा अर्थ काय, हे सगळं तिथेच राहत होतं.

आता बढती, म्हणजे माणसाला त्या मांडणीतून उचलणं.

हॉटेलातली चढण सगळ्यांना पाठ असते. आधी फडका मारायचा आणि ताटं उचलायची, मग पाणी द्यायचं, मग वेटर, मग कॅप्टन, मग मॅनेजर. मालकाला कॅप्टन हवा असतो तेव्हा तो साहजिकच सगळ्यात चांगल्या वेटरकडे बघतो. ज्याला वीस ऑर्डरी तोंडपाठ, गिऱ्हाईक ज्याचं नाव घेऊन आत शिरतं, तो. त्याला पांढऱ्या शर्टाऐवजी काळं जॅकेट मिळतं, आणि तो आपल्या टेबल-खुर्च्यांपासून तोडला जातो. कॅप्टनचं काम ऑर्डर लक्षात ठेवणं नव्हेच. सकाळी कुणी दांडी मारली, त्याची टेबलं कुणाला द्यायची, नवीन पोराला चारचौघांत न ओरडता कसं सांगायचं, वस्तादाचं आणि तंदूरवाल्याचं बिनसलंय ते गिऱ्हाइकाला कळू न देता कसं निस्तरायचं, हे ते काम. इथे खुर्च्या मदतीला येत नाहीत. दोन-तीन महिन्यांत मालक म्हणायला लागतो, "चांगला वेटर गेला आणि कॅप्टनही मिळाला नाही."

कॅनडात जन्मलेले लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्यासोबत १९६९ साली याच गोष्टीवर एक चेष्टेखोर पुस्तक लिहिलं. माणसाला जमणाऱ्या कामातून उचलून वरच्या कामात टाकतात. तेही जमलं तर आणखी वर. आणि जिथे जमत नाही तिथे तो कायमचा राहतो. पुस्तक थट्टेचं होतं, पण पन्नास वर्षांनी थट्टा खरी निघाली. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी शंभराहून जास्त अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री करणाऱ्या माणसांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांची विक्री जास्त, त्यांना साहेब करण्याची शक्यता जास्त, इथपर्यंत ठीक. पण असे झालेले साहेब ज्यांच्यावर नेमले त्यांची विक्री तुलनेने घसरली. उलट ज्यांना इतरांबरोबर मिळून काम करायची सवय होती, ते साहेब म्हणून उजवे ठरले. हा अभ्यास २०१९ सालचा.

त्याच्याही आधी सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठातल्या तिघांनी संगणकावर एक काल्पनिक कचेरी उभी केली. खालचं काम आणि वरचं काम यांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून चाललं, तर सगळ्यात हुशाराला बढती देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून बढती दिलेली कचेरीला जास्त फायद्याची, असा त्यांचा निष्कर्ष होता. आधी हसू यावं आणि मग विचारात पडावं अशा संशोधनाला अमेरिकेत इग्नोबेल नावाचं पारितोषिक देतात. २०१० सालचं व्यवस्थापनाचं इग्नोबेल यांना मिळालं. भांडगावच्या एखाद्या हॉटेलमालकाला ही युक्ती सांगितली तर तो चहा पाजून परत पाठवेल. मीही चिठ्ठ्या टाका म्हणणार नाही. पण त्या संगणकातली अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: दोन कामांचा संबंध नसेल तर.

कारण संबंध असतो तिथे चित्र पालटतं, आणि ते पाहायला भांडगावपासून फार लांब जावं लागत नाही. दौंड तालुका उसाचा, आणि गुऱ्हाळांचाही. आज यातली कित्येक गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातून आलेली मंडळी चालवतात. गुऱ्हाळावरचा सगळ्यात मानाचा माणूस गुळव्या. चुलवाणावर मोठी काईल, तीत उकळणारा रस, वर येणारी मळी झाऱ्याने काढलेली. रस आटत येतो तसे बुडबुडे बदलतात, आधी मोठे आणि पांढुरके, मग बारीक, पिवळसर, दाट. गुळव्याच्या हाताशी थर्मामीटर नसतो. तो पळीभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी लिबलिबीत राहिली तर थांबायचं. कडक होऊन भांड्याच्या कडेला आपटल्यावर टणकन वाजली तर त्याच क्षणी काईल उतरवायची. पारा लावून मोजला तर तो ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास निघतो. मिनिटभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपून काळा पडतो आणि बाजारात भाव जातो.

गुळव्या होतो कसा? उसाची मोळी टाकणारा, घाण्यात ऊस घालणारा, मग जाळ घालणारा. जाळ घालणारा माणूस खाली बसून हंगामभर वरून येणाऱ्या हाका ऐकत असतो: वाढव, धर, ओढ. कोणत्या हाकेनंतर काईल उतरते हे त्याला ऐकून ऐकून कळत जातं. पुढे मळी काढायला वर येतो, तेव्हा बुडबुडे बघतो. मग एखाद्या दिवशी गुळव्या त्याच्याच हातात गोळी देतो आणि विचारतो, "काय म्हणतो रं?" इथली प्रत्येक पायरी त्याच काईलीभोवती आहे. वर चढताना माणूस कामापासून तुटत नाही, त्याच कामाच्या आणखी जवळ सरकतो. म्हणून गुऱ्हाळावर उत्तम जाळवाला पुढे उत्तम गुळव्या होईल या अंदाजात दम असतो, आणि उत्तम वेटर उत्तम कॅप्टन होईल या अंदाजात तेवढा नसतो. कुरकुंभच्या कारखान्यात ऑपरेटरचा सुपरवायझर करताना हाच प्रश्न विचारावा लागतो: वरची पायरी त्याच यंत्राभोवती आहे, की माणसांभोवती?

सरकारने हा प्रश्न फार वर्षांपूर्वी एका फटक्यात सोडवला होता, तो विचारणंच बंद करून. ईस्ट इंडिया कंपनीच्या १७९३च्या सनदी कायद्याने बढतीसाठी सेवाज्येष्ठता हे तत्त्व घातलं. आधी आलेला आधी वर. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यात एक गुण होता: साहेबाच्या पुतण्याला मध्येच घुसवता येत नव्हतं, निदान उघडपणे तरी. पुढे गुणवत्ता आली, तिच्यासोबत गोपनीय अहवाल आले, विभागीय पदोन्नती समित्या आल्या, आणि एक अजब प्रकार घडू लागला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सीमा रस्ते संघटनेतले एक कार्यकारी अभियंते अधीक्षक अभियंत्याच्या पदासाठी पात्र असायला हवे होते. पण त्या बढतीसाठी पाचही वर्षं 'अतिशय चांगला' हा शेरा लागत होता, आणि त्यांना १९९३-९४ या एका वर्षी नुसता 'चांगला' मिळालेला होता. त्यांना तो कधी कळवलाच नव्हता, कारण नियमाप्रमाणे वाईट शेराच काय तो कळवायचा, आणि 'चांगला' वाईट कसा असेल? देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मे २००८मध्ये न्यायालयाने सांगितलं, की ज्या शेऱ्याने बढती हुकते तो त्या माणसापुरता प्रतिकूलच. तेव्हा यापुढे प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, ज्याचा त्याला कळवायचा. अभियंते तोवर निवृत्त झाले होते.

हॉटेलात गोपनीय अहवाल नसतो. तिथे शहाणे मालक वेगळी तपासणी करतात. स्वतः जेवायला घरी जाताना अर्धा तास एकाला उभं करतात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला, आणि परत आल्यावर त्याला काहीच विचारत नाहीत, भांडी घासणाऱ्या बाईंना विचारतात, "काय मावशी, कसं चाललं होतं?" कोण हुशार हे गिऱ्हाईक सांगतं, पण कुणाच्या हाताखाली काम जमतं हे मावशीच सांगू शकतात. विक्रीवाल्यांच्या त्या अमेरिकी अभ्यासाशी हे इतकं जुळतं की गंमत वाटते.

एवढं करूनही शिडीची शेवटची पायरी बहुतेकांना बंदच असते. गल्ला. तिथे मालकाचा भाऊ, मेव्हणा, नाहीतर पोरगा बसतो. पैशापाशी घरचा माणूस, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. म्हणून कसबी वेटर आणि आचारी यांची खरी बढती पुष्कळदा बाहेर पडून होते. उडुपीकडून कोवळ्या वयात मुंबईत येऊन स्वयंपाकघरांत राबलेल्या रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यात स्वतःची खानावळ काढली, आणि तिथली केळीच्या पानावरची पंगत अजून चालू आहे. १९५७च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या मदतीने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवायला घेतली. कपबशा उचलणारे मालक झाले.

पण बाहेर पडणाऱ्याने काय बरोबर न्यायचं? बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या नामांकित विश्लेषकांवर बरीच वर्षं काम केलं. कंपनी बदलल्यावर या नामांकितांचं काम घसरायचं आणि ते लवकर सावरायचं नाही. घसरण टळली ती मुख्यतः अशांची, जे एकटे न जाता आपल्या सहकाऱ्यांना घेऊन गेले. सोलापूर रस्त्यावर हे कुणी छापून आणलेलं नाही, पण तिथला कोणताही जुना मालक ते जाणतो. वेटर सोडून गेला तर तो फार मनावर घेत नाही. "करू दे त्याला स्वतःचं," म्हणतो, उद्घाटनाला नारळ घेऊन जातो. तिथे गेल्यावर दिसतं की भट्टीवर आपलाच वस्ताद उभा आहे, तंदूरला त्याचाच पुतण्या आहे आणि पाणी द्यायला परवापर्यंत आपल्याकडे असलेला पोरगा. मग मात्र पुढची दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद असतं.